ताईचा ओ, भाचीचा एबी

ही गोष्ट लिहू का नको करत दोन वर्षं काढली, शेवटी ताईलाच विचारलं तर ती म्हणाली, "लिही की, नावं घालू नको खरं." (आमच्या बेळगावकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, बाहेरच्या माणसाला गोंधळायला होतं म्हणून आधीच सांगून ठेवतो.) तर माणसांची, हॉस्पिटलची नावं नाहीत, बाकी सगळं जसं झालं तसं.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, निपाणीकडं दिलेली. तिचा ब्लड ग्रुप ओ पॉझिटिव्ह, शाळेत कधीतरी तपासणी झाली होती तेव्हापासून सगळ्या कागदावर तेच. दाजींचा ए पॉझिटिव्ह. भाची कॉलेजला गेली आणि तिथल्या रक्तदान शिबिरात तिचं कार्ड निघालं, त्यावर एबी पॉझिटिव्ह. पोरगी खुशीत घरी येऊन दाखवली, आणि त्याच दिवशी घरात एक पाव्हणा बसला होता ज्यानं बारावीपर्यंत सायन्स केलेलं, तो कार्ड हातात घेऊन म्हणाला की आई ओ आणि बाप ए असेल तर पोराला एबी येऊच शकत नाही.

बस. एवढंच वाक्य. त्यानंतर ताईच्या घरात कुणी मोठ्यानं भांडलं नाही, कुणी काही विचारलं नाही, फक्त सासूबाई बोलायच्या कमी झाल्या, दाजी रात्री उशिरा घरी यायला लागले, आणि ताई माहेरी आली की स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. मला कारण कळायला सात-आठ महिने लागले. आणि कळलं तेव्हा मी पण गप्प बसलो, हे मला सांगायलाच पाहिजे, कारण मी बेळगावात बी.एस्सी. केलंय, झूऑलॉजी घेऊन, आणि तो नियम मला पण पाठ होता. ताईवर माझा विश्वास होता, खरं माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं लॅबची चूक असेल. भाचीची परत तपासणी केली, दुसऱ्या ठिकाणी. परत एबी.

आता नियम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला कुठली साखर लागलीय त्यावर ग्रुप ठरतो. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर नावाच्या डॉक्टरनं १९०१ साली हे गट मांडले, त्याला १९३० चं नोबेल मिळालं. ए ची साखर वेगळी, बी ची वेगळी, दोन्ही असल्या तर एबी, दोन्ही नसल्या तर ओ. ही साखर लावायचं काम करणारं एन्झाइम कसं बनवायचं ते आपल्या नवव्या क्रोमोसोमवर (म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या नवव्या गुंडाळीवर) लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक क्रोमोसोमच्या आपल्याकडं दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. ओ वाल्याकडं दोन्ही प्रतींत ए पण नाही बी पण नाही. मग ओ आईकडून पोराला बी मिळणार कुठनं? पाव्हणा चुकीचं बोलला नव्हता. पुस्तकात जेवढं आहे तेवढं तो बरोबर बोलला होता.

माझं खानापुरात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षं नकला काढतोय, म्हणून मला हा डीएनएचा विषय वाचताना सारखं दुकानच डोळ्यासमोर येतं. आमच्या भागातली जमिनीची जुनी कागदं बघा तुम्ही, अगदी जुनी मोडीत, मग बालबोधीत, मग १९५६ नंतर बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर हळूहळू कन्नडात. प्रत्येक वेळी कुणीतरी बसून हातानं उतरवून काढलेली. आमच्या आजोबांच्या नावात पहिलं अक्षर ध. कन्नडात द आणि ध यांच्यात खालच्या एका बारीक रेघेचा फरक, उतरवणाऱ्याची ती रेघ राहिली आणि आजोबांच्या नावातला ध चा द झाला. झाला तो झाला, पुढं ज्यानं ज्यानं नक्कल काढली त्यानं इमानानं द च उतरवला, उताऱ्यावरनं सोसायटीच्या बुकात, तिथनं रेशन कार्डावर, तिथनं पोरांच्या दाखल्यावर. चाळीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते वारसा चढवताना.

म्युटेशन म्हणजे मला विचाराल तर हेच. नक्कल काढताना एक अक्षर चुकलं, आणि पुढची नक्कल चुकीच्या नकलेवरून निघाली. पेशीतला मजकूर चार अक्षरांत लिहिलेला, ए टी जी सी, माणसाच्या एका प्रतीत साधारण तीनशे कोटी अक्षरं. (हा ए आणि ब्लड ग्रुपचा ए यांचा संबंध नाही, नावाचा योगायोग.) डीएनएची ती दुहेरी शिडी आहे ना, जी वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ ला मांडली आणि जिच्यामागं रोझालिंड फ्रँकलिनच्या लॅबमधला एक्स-रे फोटो होता, त्या शिडीत ए समोर टी आणि जी समोर सी अशी जोडी ठरलेली. म्हणून शिडी मधोमध उसवली की प्रत्येक अर्ध्यावरून समोरचा अर्धा बरोब्बर भरून काढता येतो. पेशी दर वेळी दोन व्हायच्या आधी हे सगळं उतरवून काढते, आणि उतरवणारं एन्झाइम मागं वळून तपासत जातं, चुकलं तर खोडून परत लिहितं, त्यातनं निसटलेलं दुरुस्त करायला आणखी एक टोळी मागनं येते. सगळं होऊन शंभर कोटी अक्षरांत एखादी चूक राहते. माझ्या दुकानात असं एक पोरगं मिळालं असतं तर!

तरीपण चुका राहतात. प्रत्येक बाळ जन्माला येताना साठ-सत्तर अक्षरं अशी घेऊन येतं जी ना आईच्या डीएनएत होती ना बापाच्या, आणि बहुतेकांनी काही फरक पडत नाही कारण बराचसा मजकूर असा आहे जिथनं प्रोटीन बनतच नाही. हे मला फार धीर देणारं वाटतं. लोकं म्युटेशन म्हटलं की दचकतात, कोविडमधे तो शब्द टीव्हीवर ऐकून ऐकून आणखीच. माझ्यात तुमच्यात सगळ्यांत आहेत.

जिथनं प्रोटीन बनतं तिथं मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. तीन अक्षरं म्हणजे एक शब्द, एक शब्द म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि त्यांची माळ म्हणजे प्रोटीन. कुठल्या तीन अक्षरांना कुठलं आम्ल हे कोडं सोडवणाऱ्यांत आपले हर गोबिंद खुराना होते, पंजाबातल्या एका खेड्यातल्या पटवाऱ्याचा मुलगा, १९६८ चं नोबेल. पटवारी म्हणजे आपल्याकडचा तलाठीच की. अक्षरं उतरवणाऱ्याच्या पोटी अक्षरं उलगडणारा आला हे वाचून मी दुकानात एकटाच किती वेळ बसून राहिलो होतो.

भाचीला समजावताना मी एक वाक्य केलं होतं, ते इथं देतो. "आईनं सकाळी भाकरी भाजली." चारी शब्द तीन-तीन अक्षरांचे, मोजून बघा. आता यात एक अक्षर बदला. "आयनं सकाळी भाकरी भाजली." अक्षर बदललं, अर्थ तोच, आमच्याकडं तर निम्मे लोक असंच बोलतात. डीएनएत पण असं होतं कारण शब्द चौसष्ट आणि अमिनो आम्लं वीसच, त्यामुळं एकाच आम्लाला बरेच शब्द. आता दुसरं, "आईनं सकाळी भाकरी मोजली." भा चा मो झाला. वाक्य सरळ आहे, व्याकरण बरोबर आहे, फक्त भाकरी भाजली गेली नाही आणि घर उपाशी. आणि तिसरं, यात 'सकाळी'मधला स नुसता गाळा, बाकी तसंच ठेवून परत तीन-तीन करून वाचा: "आईनं काळीभा करीभा जली." पुढचं सगळंच गेलं.

हे तिसरं उगाच सांगितलं नाही. जगातल्या बऱ्याचशा ओ ग्रुपवाल्यांत हेच झालेलं असतं. ए च्या जीनमधलं (जीन म्हणजे एक प्रोटीन बनवायचा मजकूर, आणि एन्झाइम हे पण प्रोटीनच) २६१ वं अक्षर, एक जी, गळलेलं. बाकी जीन जवळजवळ जशाचा तसा, फक्त तिथनं पुढं काळीभा करीभा, आणि थोड्या अंतरावर नको तिथं पूर्णविराम लागतो, एन्झाइम अर्धवट बनतं, साखर लावायला कुणी नाही. म्हणजे ओ ग्रुप हे एक म्युटेशन आहे, आणि ते घेऊन कोट्यवधी लोक ठणठणीत आहेत. दुसरं वाक्य, मोजलीवालं, ते ताईचं आहे. त्याच्यावर येतो.

परवाच्या आधीच्या पावसाळ्यात ताईला अंगावरून जायला लागलं, थांबेचना. गर्भाशयात गाठ निघाली. बेळगावात एका मोठ्या हॉस्पिटलात घातलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहाच्या आसपास. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, आधी दोन पिशव्या रक्त चढवू, ओ पॉझिटिव्ह आहे काही काळजी नाही, कुठंही मिळतं. मी आणि दाजी खाली ब्लड बँकेत गेलो. तासाभरानं खिडकीतनं बोलावलं, पिशवी मॅच होईना. दुसरी घेतली. ती पण नाही. अशा चार. चारी ओ, आणि ताईचं सिरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी, त्यात घातलं की पेशींच्या गुठळ्या, दही फाटल्यासारखं.

तिथं एक वयस्कर टेक्निशियन होते, रिटायर व्हायला आलेले. ते बाहेर आले, आमच्या शेजारी बाकावर बसले आणि त्यांनी जे विचारलं ते मला आयुष्यभर लक्षात राहील. "पेशंटच्या आई-वडिलांचं लग्नाआधीचं काही नातं होतं का?"

होतं. बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी आमची आई. आमच्याकडं ह्यात विशेष काही नाही, उलट मामाच्या पोरीचा पहिला मान, आणि शेजारच्या कन्नड घरांत तर मामा-भाचीचं पण लग्न होतं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, पेशंटला मुलं किती, त्यांचे ग्रुप माहीत आहेत का. माझ्या तोंडातनं शब्द निघेना. दाजीच बोलले, खाली बघून. "एक मुलगी. एबी." ते टेक्निशियन एकदम ताठ झाले, म्हणाले, "आणि तुमचा ए? मग तुमच्या मिसेसच्या आत बी आहे. तो दिसत नाही, कारण त्यांच्याकडं एच नाही. बाँबे ग्रुप आहे हा."

हा ग्रुप सापडला १९५२ साली, मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ओ सारखं दिसणारं, खरं ओ सुद्धा न चालणारं रक्त. 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी जर्नलमधे छापून आलं, आणि शहराच्या नावावरून नाव पडलं. तेव्हा आपलं बेळगाव पण मुंबई राज्यातच होतं, हे मला नंतर आठवलं. आपल्याकडं साधारण दहा हजारांत एक माणूस असा सापडतो, युरोपात दहा लाखांत एक म्हणतात.

टेक्निशियननी कागदावर काढून दाखवलं ते माझ्या शब्दांत सांगतो. ए आणि बी ह्या टोप्या समजा. टोपी अडकवायला भिंतीत खुंटी पाहिजे, त्या खुंटीला एच म्हणायचं. ए वाल्याच्या खुंटीवर ए ची टोपी, बी वाल्याच्या बी ची, ओ वाल्याच्या खुंट्या रिकाम्या. खरं खुंटी सगळ्यांकडं आहे. ही खुंटी ठोकणारं एन्झाइम वेगळं, त्याचा जीन वेगळ्याच क्रोमोसोमवर, एकोणिसाव्या, नाव एफयूटी-१. ते साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर बसवतं. ताईकडं तेच एन्झाइम चालत नाही. मग तिच्या नवव्या क्रोमोसोमवर बी चा जीन अगदी शाबूत आहे, बी ची टोपी घेऊन एन्झाइम उभं आहे, खुंटीच नाही तर अडकवणार कुठं? स्लाइडवर ए आणि बी ओळखणारं सिरम टाकलं की काहीच गुठळी होत नाही, आणि शिबिरात घाईत तेवढीच टेस्ट करून कार्डावर ओ लिहून देतात.

आणि जे आपल्या अंगावर नाही ते शरीराला परकं. ताईच्या शरीरानं कधीच खुंटी बघितलेली नाही, त्यामुळं ए विरुद्ध, बी विरुद्ध आणि एच विरुद्धही तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार. ओ ची पिशवी चढवली असती तर रिकाम्या खुंट्यांवर तुटून पडल्या असत्या, पेशी नसांतच फुटल्या असत्या. क्रॉसमॅच केल्याशिवाय "ओ आहे, चढवा" म्हणणारं कुणी तिथं असतं तर ताई आज नसती. तिच्या बाळंतपणात रक्त लागलं नाही हे आमचं नशीब.

खात्री करायची टेस्ट पण त्यांनी दाखवली. युरोपात पिवळ्या फुलांचं एक काटेरी झुडूप असतं, युलेक्स म्हणून, त्याच्या बियांचा अर्क एच ला धरतो. माझ्या... म्हणजे कुणाच्याही ओ रक्ताच्या थेंबात टाकला की लगेच गुठळ्या. ताईच्या थेंबात टाकला, टाईल हलवत राहिले, हलवत राहिले, पाणी तसंच लाल आणि सपाट.

आता भाचीचं बघा. ताईनं तिला बी दिला, दाजींनी ए दिला. ताईकडनं एच ची बिघडलेली प्रत गेली, दाजींकडनं चांगली आली. एक चांगली प्रत पुरते. आजोबांच्या नावाच्या भानगडीत पण शेवटी असंच झालं होतं, चुलत्यांच्या पेटीत एक जुनं खरेदीखत सापडलं ज्यात ध होता, दोन कागदांतला एक बरोबर निघाला तेवढ्यावर काम झालं. तर भाचीकडं खुंटी आली, दोन्ही टोप्या अडकल्या, एबी. ओ दिसणाऱ्या आईची एबी मुलगी. अमेरिकेत १९५५ साली फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी असंच एक घर अभ्यासलं होतं, आईचा बी दाबलेला, पोरीत उघडा पडलेला. म्हणजे ताईच्या घरात ज्या प्रश्नानं दोन दिवाळ्या जाळल्या त्याचं उत्तर आमची आई जन्मायच्या सुमारास छापून झालं होतं.

दाजींनी तो आकृत्या काढलेला कागद मागून घेतला. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. वर जाऊन ताईच्या उशाशी बसले, काय बोलले मला माहीत नाही, मी दाराबाहेरच थांबलो. खरं पुढच्या रविवारी ते निपाणीला गेले आणि सासूबाई, दीर, तो पाव्हणा, सगळ्यांना एका जागी बसवून तो कागद मांडला आणि खुंटी-टोपी सगळं परत सांगितलं, स्वतः. ताईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि मी पण.

मला एक गोष्ट अजून लागते. भाचीचं कार्ड आल्यावर सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला, आणि तो बाईबद्दल आला. टेस्ट अपुरी असेल, नियमाला अपवाद असेल, हे कुणाला सुचलं नाही, मला सुद्धा. ब्लड ग्रुपवरून बाप ठरवू नका हो. कार्डावरचं अक्षर म्हणजे पेशीच्या अंगावर काय दिसतंय एवढंच, आत काय लिहिलंय ते वेगळं असू शकतं. कुणाला असा प्रश्न पडलाच तर चांगल्या ब्लड बँकेत जाऊन उलट्या बाजूनं पण तपासा म्हणावं, म्हणजे पेशींबरोबर सिरम पण, आणि त्यात ओ च्या पेशी पण घ्या म्हणावं. तिथंच हे उघडं पडतं.

आता ते दुसरं वाक्य, भाकरी मोजली. भारतातल्या बाँबे ग्रुपवाल्यांचा जीन वाचला तेव्हा बहुतेकांत एकच चूक सापडली. एफयूटी-१ मधलं ७२५ वं अक्षर, टी पाहिजे तिथं जी. त्यामुळं ३६५ मण्यांच्या माळेतला २४२ वा मणी बदलतो, ल्युसिनच्या जागी आर्जिनिन. माळ पूर्ण लांबीची बनते, काम तेवढं होत नाही. तीनशे कोटींत एक अक्षर. ताईचा जीन कुणी वाचलेला नाही, खरं तिच्यात पण हेच असणार असं ते टेक्निशियन म्हणाले.

आणि हे ताईपर्यंत आलं कसं त्याचा हिशेब मी दुकानात बसून मांडला. दहा हजारांत एकाकडं दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर साधारण शंभरातली एक प्रत बिघडलेली, म्हणजे पन्नासात एक माणूस एक बिघडलेली प्रत लपवून फिरतोय, त्याला काही माहीत नाही. असा माणूस अनोळखी घरात लग्न करून गेला तर समोरचा पण तसाच असायची शक्यता पन्नासात एक. त्यानं मामाच्या पोरीशी केलं तर आठात एक, त्याच एका पूर्वजाकडनं आलेली तीच प्रत, बाहेरनं यायची पन्नासातली शक्यता वेगळीच. मामा-भाची असेल तर चारात एक. दोघंही तसे निघाले तर प्रत्येक बाळाला चारात एक. बाबांची आई आणि आईचे वडील सख्खे भाऊ-बहीण, त्यांच्या आई-बापातल्या एकाकडं ती चूक असणार, तिथनं दोन फांद्यांनी खाली आली आणि ताईत येऊन भेटली. मी पण तपासून घेतलं. माझा बी, खुंटीसकट. तरी मी एक बिघडलेली प्रत बाळगून असायची शक्यता तीनात दोन. मामाच्या पोरीशी लग्न करू नका असं मी कुणाला सांगत फिरत नाही, माझे आई-बाबा त्याच लग्नानं सुखात राहिले, खरं दुकानात कुणी लग्नाची पत्रिका छापायला घेऊन आलं आणि दोन्हीकडचं आडनाव ओळखीचं निघालं तर एकदा रक्ततपासणी करून घ्या म्हणतो, विशेषतः थॅलेसेमियाची. त्यात पण हाच चारात एकाचा हिशेब लागतो आणि तिथं पोर आयुष्यभर रक्तावर जगतं. बाँबे ग्रुपवाल्याला तसा काही आजार नाही, रक्त लागेपर्यंत.

मधेच एक, कारण ताईच्या सासूबाईंनी मला विचारलं होतं. तिचे सासरे बिडी ओढून ओढून फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेले, ते पण म्युटेशनच ना, मग ते नातवंडांत उतरणार काय? नाही. बिडीच्या धुरातली रसायनं डीएनएला चिकटतात आणि नक्कल काढताना अक्षरं चुकतात हे खरं, खरं ती चूक फुफ्फुसातल्या पेशींत. ती त्या माणसाबरोबर गेली. पोरात उतरते ती बीजातली, म्हणजे शुक्राणूत किंवा स्त्रीबीजात असलेली. दुकानातल्या झेरॉक्सवर शाई सांडली म्हणून कचेरीतला मूळ कागद खराब होत नाही. त्यांना पटलं, मला वाटतं.

ताईला रक्त कुठनं मिळालं ते राहिलं. बाँबे ग्रुपवाल्याला फक्त बाँबे ग्रुपचंच चालतं. ब्लड बँकेतनं फोन गेले, गोव्यात, कोल्हापूरला, सांगलीला, हुबळीला. तिसऱ्या दिवशी एक माणूस सावंतवाडीकडनं आंबोली घाटानं मोटरसायकलवर आला. भर पावसात. चाळिशीचा असेल, रेनकोट काढून झटकला, फॉर्म भरला, आत जाऊन झोपला, वीस मिनिटांत पिशवी झाली. पैसे घेईना, पेट्रोलचे पण नको म्हणाला. त्या एका पिशवीवर आणि लोहाच्या इंजेक्शनांवर ताई महिनाभर सावरली, मग ऑपरेशन झालं, आणखी रक्त लागलं नाही.

तो माणूस लगेच निघणार होता, आईनं सोडला नाही. डबा उघडून त्याला बाकावर बसवलं, भाकरी, झुणका, आणि कुंदा आणून ठेवला होता तो. आणि आमची आई म्हणजे, माणूस बसला की पहिला प्रश्न. "पाव्हणं, मूळ गाव कुठलं?" त्यानं सांगितलं. "कुलदैवत?" ते सांगितलं. "आजोळ कुठलं तुमचं?" मग दोघं लागले माग काढायला, त्याच्या आजीचं माहेर, आमच्या पणजीचं माहेर, आमचे मूळ लोक घाटाखालनंच वर आले असं आजी सांगायची तेवढं एक सूत्र धरून, हा गाव, तो गाव, त्या वाड्यातले ते का हे. तीन पिढ्या मागं गेले दोघं. त्याच्यापलीकडं याला पण नावं माहीत नव्हती, तिला पण नव्हती. मी शेजारी उभा राहून ते सातशे पंचविसावं अक्षर मनात धरून ऐकत होतो.

शेवटी आईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली आणि म्हणाली, "असू दे. लागत असेल कुठंतरी."